रील, रॉड आणि पाग दुरुस्ती घरून सुरू करताय? या चुका टाळा

मिरकरवाडा बंदरावरचे जाळ्यांचे ढीग बघून मला वाटलं होतं, दुरुस्तीच्या कामाला रत्नागिरीत काय तोटा! तोटा नाही, पण ते काम आपलं नाही. ट्रॉलरचं जाळं बंदरातच पसरतात आणि बोटीवरचे खलाशीच ते तुणतात. असलं जाळं घरी आणलंत तर अंगण आठवडाभर गेलं, वर शेजाऱ्यांची बोलणी. घरच्या टेबलावर होतं ते काम छोटं असतं: हौसेने गरवणाऱ्यांची, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांची, रिलं (गळाची दोरी, म्हणजे लाइन, गुंडाळायची यंत्रं) नि रॉड (गळाच्या काठ्या), आणि खाडीत पागणाऱ्यांचे पाग, म्हणजे हाताने फेकायची गोल जाळी. त्यातही मी सुरुवातीला जे पैसे घालवले, ते जास्त करून वस्तू हातात घेतानाच घालवले.

न बघता घेतलेलं रील

‘जरा करकरतंय, बघून ठेवा’ म्हणून एक जण रील टाकून गेला. परत न्यायला आला तेव्हा बेलची, म्हणजे लाइन गुंडाळून घेणाऱ्या कमानीची, तार वाकलेली. ‘देताना सरळ होती,’ तो म्हणाला. असेलही. माझ्याकडे पुरावा काय? भरून दिलं. आता गिऱ्हाईक समोर उभं असतानाच मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढतो: हँडल फिरवून, बेल उघडून-मिटून, ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाइन सुटू देणारा ब्रेक) ओढून. स्पूलवर, म्हणजे रिळावर, लाइन किती आहे तेही त्यात दिसलं पाहिजे. चांगली ब्रेडेड (विणलेली) लाइन स्वस्तातल्या रीलपेक्षा महाग पडते, त्यामुळे भांडण बहुतेक वेळा लाइनवरूनच होतं.

आवाज न ऐकता स्क्रू-ड्रायव्हर उचलणं

करकर कुठून येते ते आधी शोधा. लाइनवर ताण नसताना हँडल फिरवा. तरीही करकरतंय तर दोष आत आहे, गिअरमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. मोकळं फिरताना गप्प आणि लाइनवर ताण आला की किरकिर, असं असेल तर आधी लाइन रोलर, म्हणजे बेलच्या टोकाची लाइन वळवणारी छोटी चकरी, तपासा. खारं पाणी सगळ्यात जास्त तिथेच झिरपतं. एक स्क्रू काढून पाच मिनिटांत होणाऱ्या या कामासाठी मी एकदा अख्खं रील खोलून बसलो होतो.

पूर्ण खोलावंच लागलं तर अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या आणि भाग निघतील त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवत जा. मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना कागदासारख्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. ग्रीसमुळे त्या बेअरिंगला चिकटून येतात आणि पुसताना फडक्याबरोबर कचऱ्यात जातात. एक शिम हरवली किंवा डावीकडची उजवीकडे बसली, की सगळं स्वच्छ करूनही रील आधीपेक्षा जास्त घासतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘बरं होतं ते पण बिघडवलंत.’ खरंच असतं ते. स्प्रिंग असलेला भाग पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा, नाहीतर ती स्प्रिंग कपाटाखाली गेलीच समजा.

जपानी रिलांचे स्क्रू साध्या चौफुली स्क्रू-ड्रायव्हरने फिरवू नका. खाच वरून सारखी दिसते, पण टोक आत पूर्ण बसत नाही आणि डोकं गुळगुळीत होतं. जपानी मापाचा वेगळा ड्रायव्हर मिळतो, तो पहिल्याच महिन्यात घ्या.

ग्रीसचा लाड

हँडल उलटं फिरतंय म्हणून रील आलं की उलट फिरणं रोखणारं, बारीक रोलरांचं बेअरिंग बघा. कुणीतरी प्रेमाने त्यात ग्रीस भरलेलं असतं आणि रोलर पकडायचे सोडून घसरत असतात. ते अल्कोहोलने धुवा, वाळवा आणि पातळ तेलाचा एखादाच थेंब द्या. ग्रीस गिअरच्या दातांना. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे, तो आतलं ग्रीसच धुऊन नेतो. आणि गिऱ्हाइकाला सांगा, बागेच्या नळीने जोरात पाणी मारू नको, त्याने मीठ नि वाळू आत जाते. ड्रॅग घट्ट करून हलकं गोडं पाणी सोडायचं, पुसायचं आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा.

बेअरिंग मागवताना रीलचं नाव सांगू नका, वर्नियरने तीन मापं घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आणि स्टेनलेसच मागवा.

पाग: भोक तसंच बुजवू नका

फाटलेल्या भोकाच्या कडेला कुठूनही दोरा बांधून सुरू केलं की पाग तिथे गोळा होतो आणि फेकताना गोल उघडत नाही. जाळ्याच्या प्रत्येक गाठीतून चार धागे निघतात. ज्या गाठीला तीन उरलेत तिथून सुरू करायचं आणि तशाच तीन धाग्यांच्या गाठीवर संपवायचं. मधल्या कडेचे लोंबते तुकडे आधी कात्रीने साफ करा. दोरा मूळ जाडीचाच घ्या. आस (जाळ्याचा डोळा) ताणून, गाठ ते गाठ मोजा. एकदोरी नायलॉन असेल तर गाठ दुहेरी मारा, साधी सरकते.

पागाच्या कडेला वजनासाठी लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या विकत आणा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवर सहज, आणि म्हणूनच लोक ते करून बसतात. धूर आणि भांड्यावर बसणारी धूळ विषारी असते, लहान मुलांना तर फारच. पेट्रोलने भाग धुणं हेही तसलंच धोक्याचं.

जून गमावू नका

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. गरवणाऱ्यांना ती बंदी नसली तरी खवळलेल्या समुद्राकडे कोण जातो? रील मिठासकट कपाटात पडतं आणि नारळी पौर्णिमा झाली की सगळ्यांना ‘उद्याच’ हवं असतं. मेअखेर मी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकतो: आत्ता द्या, सावकाश न्या. एक मात्र सांभाळा. रॉडवरच्या, लाइन ओवायच्या कड्यांवर इपॉक्सीचा (सुकून कडक होणाऱ्या राळेचा) थर लावायचं काम पावसात घेतलंत तर दमट हवेत थर दुधाळ होतो. ते काम सप्टेंबर सरेपर्यंत ढकला.

खोलून बघायचे पैसे आधीच सांगा, दुरुस्ती होवो न होवो. सुट्या भागांचे वेगळे. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका (मी दिले होते). आणि प्रत्येक वस्तूला तारखेची चिठ्ठी बांधा. माझ्या माळ्यावर नऊ रिलं आहेत, तीन कुणाची ते मला आठवत नाही.