फुकटच्या साधनांवर घरी इंग्रजी: एकच तुकडा आठवडाभर घोटायचा

इंग्रजी शिकायला कोल्हापुरात क्लासच लावला पाहिजे असं नाही. ऑडिओ, त्याची लेखी प्रत, शब्दकोश, उजळणीचं अ‍ॅप हे सगळं फुकट मिळतं. घोडं अडतं ते निवडीत. पाच अ‍ॅप, दहा यूट्यूब चॅनेल, रोज नवा व्हिडिओ असा धडाका लावला की महिन्याभरात सगळं ओळखीचं वाटायला लागतं, पण तोंडातून एक वाक्य सरळ निघत नाही. म्हणून साधनं कमी घ्या आणि एकच छोटा तुकडा जिभेवर बसेपर्यंत सोडू नका.

आधी पातळी तपासा

बालभारतीची इंग्रजीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवरून पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. आठवीचं पुस्तक उघडा आणि मधला एखादा धडा वाचा. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर सातवीचं घ्या, तिथंही अडलं तर सहावीचं. पदवी झालेल्यानं पाचवीचं पुस्तक उघडलं म्हणून काही बिघडत नाही. पाया कच्चा ठेवून वर चढलं की पुढं प्रत्येक वाक्याला ठेच लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांना वाचून कळतं, पण ऐकून कळत नाही. म्हणून ऐकण्याचं साहित्य वाचनापेक्षा एक पायरी खालचं निवडा. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश’ साइटवर ऐकण्याचे पाठ ए१ (सगळ्यात सोपी), ए२, बी१ अशा चढत्या पातळ्यांनी लावलेले आहेत आणि त्यांच्यासोबत प्रश्न व लेखी प्रत असते. सुरुवात तिथं करा. ए२ सोपं वाटू लागलं की बीबीसी लर्निंग इंग्लिशचं ‘६ मिनिट इंग्लिश’ घ्या. त्यात दोन निवेदक एका विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, त्याचं उत्तर शेवटी देतात आणि मध्ये सहा शब्द किंवा वाक्प्रयोग समजावतात. ऑडिओ उतरवून ठेवता येतो, त्यामुळे एसटीत रेंज गेली तरी चालतं. मात्र पहिल्याच दिवशी यावर उडी मारू नका. निम्मं निसटत असेल तर कानावर नुसता आवाज पडतो, शिकणं होत नाही.

एक तुकडा, सहा दिवस

रोज पाऊण तास पुरतो. सकाळी पंचवीस मिनिटं आणि रात्री वीस असे दोन भाग केले तर जास्त टिकतं.

पहिल्या दिवशी निवडलेला पाठ लेखी प्रत न बघता दोनदा ऐका आणि काय कळलं ते मराठीत चार ओळींत लिहा. दुसऱ्या दिवशी त्यातलं फक्त एक मिनिट निवडा. पाच-सहा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, ऐकलं तसं वहीत लिहायचं. हे पाच-सहा सेकंद तीनदाच ऐका. तरी कळलं नाही तर जागा मोकळी सोडून पुढं जा. मग लेखी प्रत उघडून लाल पेनानं तपासा. एका मिनिटात साधारण दीडशे शब्द येतात आणि हे काम पुरं व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. कंटाळवाणं आहे, पण अख्ख्या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

तपासताना एक गोष्ट दिसेल. मोठे शब्द बरोबर आलेले असतात, सुटलेले असतात ते ‘ऑफ’, ‘टू’, ‘द’, ‘हॅव’ असे बारके. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत जोर महत्त्वाच्या शब्दांवर पडतो आणि मधले शब्द दाबले जातात. ‘कप ऑफ टी’ कानाला ‘कपअटी’ असं येतं. बातम्या ‘फार फास्ट’ वाटतात त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी तेच मिनिट निवेदकाच्या अर्धा सेकंद मागून मोठ्यानं म्हणा. आधी कागद हातात धरून, मग कागद बाजूला ठेवून. वेग ०.७५ केला तरी चालेल, पण चौथ्या दिवशी पूर्ण वेगावर या, कारण हळू ऐकायची सवय लागली की ती सुटत नाही. पाचव्या दिवशी तोच विषय स्वतःच्या शब्दांत एक मिनिट बोलून फोनवर रेकॉर्ड करा. सहाव्या दिवशी त्यावर आठ-दहा वाक्यं लिहा. सातव्या दिवशी सुट्टी.

मराठीतून आलेल्या चुका

सर्वांत चिवट चूक काळाची. आपण सहज म्हणतो, ‘मी काल गडहिंग्लजला गेलो होतो’. त्या ‘होतो’मुळं इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू गडहिंग्लज येस्टरडे’ असं येतं. तिथं ‘आय वेंट’ एवढंच हवं. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी घडलेली दाखवायची असेल तेव्हा ‘हॅड’ लागतं: ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’. मी पोचलो नंतर, गाडी सुटली आधी. रोज रात्री कालच्या दिवसावर पाच वाक्यं लिहा, प्रत्येक ‘हॅड’भोवती गोल करा आणि दुसरी गोष्ट कुठं आहे ते शोधा. नसेल तर ‘हॅड’ काढा.

उच्चारात दोन ठिकाणी अर्थच बदलतो. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडं फारसं बघत नाही, त्यामुळे ‘आय लिव्ह इन कोल्हापूर’ म्हणताना ‘लीव्ह’ होतं आणि राहण्याचं सोडून जाणं होतं. दुसरी जागा ‘व्हेस्ट’ (बनियन) आणि ‘वेस्ट’ (पश्चिम) यांची. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात आणि दात कुठंच लागत नाहीत. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात दोन्ही शब्द ऐका, मग फोनच्या कीबोर्डवरचा माइक इंग्रजीवर ठेवून सुटा शब्द बोला आणि काय टाइप होतं ते बघा. वाक्यात बोलू नका, कारण अख्ख्या वाक्यावरून फोन अंदाज बांधतो आणि चूक झाकली जाते.

‘डिस्कस अबाउट’ (हवं नुसतं ‘डिस्कस’), ‘मॅरिड विथ’ (‘मॅरिड टू’), ‘ही सेड मी’ (‘ही टोल्ड मी’), ‘व्हेअर यू आर गोइंग’ (‘व्हेअर आर यू गोइंग’) ही चुकांमधली नेहमीची मंडळी. यांची एक यादी वहीच्या मागच्या पानावर असू द्या.

शब्द

अँकीड्रॉइड हे उजळणीचं अ‍ॅप अँड्रॉइडवर फुकट आहे. आयफोनवरच्या अ‍ॅपला पैसे पडतात, त्यांनी ब्राउझरमधलं अँकीवेब वापरावं. सुटा शब्द टाकू नका. ज्या वाक्यात तो ऐकला ते अख्खं वाक्य टाका आणि शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवा. रोज सात-आठ नवी कार्डं बस्स. उत्साहात वीस-वीस घेतली की काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशेच्या वर जाते आणि मग अ‍ॅपच उघडणं बंद होतं.

बोलायचं कशावर

आठवड्याच्या तुकड्याशिवाय आणखी बोलायचं असेल तर ‘माय फेव्हरिट हॉबी’वर नको. ज्याची रोज गरज पडते त्यावर बोला. बिंदू चौकात उभ्या असलेल्या पाहुण्याला अंबाबाईच्या देवळाची आणि तिथून रंकाळ्याची वाट सांगा. उद्यमनगरात फाउंड्रीत काम करत असाल तर कास्टिंग कसं होतं ते सांगा: पॅटर्नभोवती (नमुन्याभोवती) वाळू ठोकणं, आतल्या पोकळीसाठी कोअर बसवणं, धातू ओतणं, शेवटी फेटलिंग, म्हणजे जादा धातू काढून सफाई. ‘द सँड इज पॅक्ड अराउंड द पॅटर्न’ अशी दहा वाक्यं जमली की कर्मणी प्रयोग वेगळा शिकावा लागत नाही. यूट्यूबवर ‘सँड कास्टिंग’ शोधा, पण सबटायटल आपोआप तयार झालेली नाहीत ना ते सेटिंगमध्ये बघा. तांत्रिक शब्दांत ती हमखास चुकतात.

लिहिलेलं तपासायला मोफत चॅटबॉट चालतो. आधी स्वतः लिहा, मग त्याला सांगा: ‘फक्त चुका दाखव, प्रत्येकीचं कारण मराठीत एका ओळीत दे, माझं वाक्य नव्यानं लिहू नकोस.’ नाहीतर तो गुळगुळीत परिच्छेद देतो आणि आपली चूक नेमकी कुठली ते कळतच नाही. कारण पटलं नाही तर तो शब्द शब्दकोशात बघून उदाहरणांची वाक्यं वाचा, कारण चॅटबॉटही चुकतो. एकच चूक तीनदा आली की ती मागच्या पानावरच्या यादीत घाला आणि पुढच्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगआधी ते पान एकदा वाचा.