साथीच्या दिवसात आंब्याच्या शेडवर गडी कसे सांभाळायचे

2020 चा कोरोनाचा लॉकडाऊन लागला तो मार्चच्या शेवटी, नेमका हापूस सुरू होताना, आणि झाडावरचा आंबा काय कोणासाठी थांबत नाय. परत तशी साथ आली तर बागायतदारांनी आधी गड्यांची झोपायची खोली बघा, कारण दिवसभर शेडात लांब लांब बसवलं आणि रात्री आठ जण दारं-खिडक्या लावून एकत्र झोपले तर उपयोग काय? खिडक्या उघड्या ठेवा (डास येतात, मच्छरदाण्या घेऊन द्या) आणि एक खोली आजाऱ्यासाठी रिकामी.

पेट्या भरायला ठरलेल्या जोड्या, रोज बदलू नका. हात साबणाने 20 सेकंद. सॅनिटायझर शक्यतो नको, चिकाने हात आधीच भाजलेले असतात त्यावर ते म्हणजे आग, आणि चुलीजवळ तर बाटली अजिबात नको. मास्क घामाने भिजतो, माणशी तीन द्या.

आता खरं दुखणं. तापात सुट्टी घेतली म्हणून मजुरी कापलीत की गडी गोळी खाऊन ताप लपवणार आणि झाडावर चढणार, चक्कर आली तर मग? आणि गडीमाणसांनो, तुम्ही पण वास-चव गेली तर त्याच दिवशी सांगा, तुमच्यातल्या नेपाळहून आलेल्यांना घरी फोन करायला रिचार्ज लागलं तर मालकाकडे मागा, लाजायचं काय त्यात.