लाकडी ढलप्यांचा गाळणथर आणि गाळखत : या चुका टाळा

गाळखत (सांडपाणी गाळणाऱ्या थरातील लाकडी ढलप्या, भुसा आणि गाळ कुजवून केलेले खत) दिलेल्या वाफ्यातील पालकाची खालची, जुनी पाने पिवळी पडू लागली, तर रोग समजून औषध फवारू नका. लाकडाच्या भुशात नत्राच्या (नायट्रोजनच्या) तुलनेत कर्ब (कार्बन) सुमारे 400 पट असतो, आणि भुसा कुजवणारे जिवाणू स्वतःला लागणारे नत्र भोवतालच्या मातीतून उचलत असल्याने पीक उपाशी राहते. सांडपाणी गाळणाऱ्या थरात मात्र हाच कर्ब उपयोगी पडतो : पाण्याने भरलेल्या, प्राणवायू नसलेल्या तळाशी जिवाणू त्याच्या आधारे नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. म्हणून थरातून काढलेल्या ढलप्या थेट मातीत गाडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्यांत नत्रयुक्त ओला गाळ मिसळून कर्ब-नत्र गुणोत्तर 25 ते 30 च्या दरम्यान आणावे आणि ते 20 च्या खाली उतरेपर्यंत ढीग कुजू द्यावा. घाई झालीच असेल, तर पिकाला नत्र थोडे थोडे विभागून द्यावे. उरलेल्या ढलप्या झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसराव्यात, कारण पृष्ठभागावर असताना त्या मुळांजवळचे नत्र फारसे ओढत नाहीत.

फुकट मिळतो म्हणून कोणताही भुसा आणू नये. प्लायवुड आणि एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांच्या) भुशात फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक असतो, तर वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेल्या काही लाकडांत तांबे, क्रोमियम व आर्सेनिक असतात. हे धातू कुजत नाहीत, ते पाण्यातून गाळात आणि गाळातून शेतात येतात. बाभूळ-सुबाभळीच्या छाटलेल्या फांद्या किंवा कच्चे ओंडके कापणारी वखार, एवढ्यावरच विसंबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

थरावर पाणी साचत असेल, तर भुसा फार बारीक आहे का आणि स्वयंपाकघरातील तेल-तूप आधीच अडवले आहे का, हे पाहावे. सुरुवातीला बाहेर येणारे चहाच्या रंगाचे पाणी लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तसे दिसते. ते ओढ्यात न सोडता पुन्हा थरावर फिरवावे.

शौचालयाचा गाळ असेल, तर ढीग हाताला गरम लागला एवढ्यावर समाधान मानू नये, कारण जंतांची अंडी फार चिवट असतात. लांबट रचलेल्या ढिगाच्या पोटात 55 अंश सेल्सिअस तापमान किमान 15 दिवस टिकले पाहिजे आणि त्या काळात तो 5 वेळा परतला पाहिजे. तरीही हे खत कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना देऊ नये. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या गटाराचा गाळ तर तपासल्याशिवाय उचलूच नये. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसे 100 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

गाळणीतला राखमिश्रित लाकडी कोळसा चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकल्यास सामू (पीएच) आणखी वाढतो आणि पिकाला लोह मिळेनासे होते. अशा वेळी कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. तिथे नत्र वाढवून उपयोग नाही, कोळसा थांबवून फेरस सल्फेटची फवारणी करावी लागते.