मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ घरच्या घरी कसा काढावा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नये. मुलांच्या अभ्यासातला पृथ्वीगोल घ्यावा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरांचा. आपला दोरा सतरा सेंटिमीटरांच्या आसपास येतो, आणि गुणाकार केल्यावर सुमारे ७,२०० किलोमीटर हे उत्तर मिळते.

दोरा काढण्यापूर्वी तो कुठून जातो तेही पाहून ठेवावे, कारण वेळेची खरी अडचण तिथेच आहे. तो कराचीजवळून इराणवर येतो, आर्मेनिया आणि जॉर्जियाच्या सीमेलगत जाऊन काळा समुद्र ओलांडतो आणि युक्रेनवरून मध्य युरोपात शिरतो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली. त्यामुळे विमानाला वळसा पडतो आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर दोऱ्यापेक्षा नेहमीच काहीसे जास्त भरते.

आता वेळ. मोठ्या विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरल्यास भागाकाराने आठ तास येतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळवावा आणि वळशासाठी आणखी थोडा. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनला जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. जाताना साडेनऊ ते दहा तास आणि येताना त्याहून तासभर कमी, असा अंदाज सहसा चुकत नाही.

तिकिटावरून वेळ काढताना मात्र बहुतेकांची फसगत होते. दुपारी २ वाजता निघून संध्याकाळी ६.३० ला पोहोचणारे विमान पाहून ‘साडेचार तासांत लंडन!’ असे आमच्याकडे एकदा मोठ्या कौतुकाने सांगितले गेले होते. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. म्हणून आधी लंडनची वेळ भारतीय वेळेत बदलावी आणि मगच वजाबाकी करावी : हिवाळ्यात ६.३० मध्ये साडेपाच तास मिळवले की रात्रीचे १२ वाजतात, म्हणजे प्रवास दहा तासांचा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्या मधल्या काळात साडेपाचऐवजी साडेचार तासच मिळवावेत.