डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांशी जुन्या गप्पा : या चुका टाळा

एखादा विषय धरून आईला किंवा बाबांना जुन्या आठवणींत रमवा, असं हल्ली बरेच डॉक्टर सुचवतात. घरी मात्र दहा मिनिटांत आई चिडते, बाबा उठून जातात. मग "यांना आता काहीच आठवत नाही" असा शेरा मारून अल्बम कपाटात टाकला जातो. बहुतेकदा गडबड आपल्या विचारण्यात असते.

"ओळख पाहू, हे कोण?"
हा प्रश्न आधी बंद करा. फोटोवर बोट ठेवून नाव विचारलं की ती तोंडी परीक्षा झाली, आणि नाव न आठवल्याची शरम आजार बराच पुढे गेला तरी जाणवते. आपणच सांगून टाकावं, "ही मावशी. काय झोकात नऊवारी नेसलीय बघ." पुढे आई बोलली तर बोलली. सांगलीचं लग्न तिने साताऱ्याला नेलं, तर नेऊ दे. दुरुस्त करून कोणाचं भलं होणार आहे?

तुमचं लहानपण त्यांच्या गळ्यात मारणं
साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतलं माणसाला जास्त आठवतं. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आजींसाठी हा काळ म्हणजे ढोबळमानाने १९५५ ते १९७५. मुंबई दूरदर्शनच सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि गावोगावी टीव्ही पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली. तेव्हा रविवार सकाळच्या मालिका हा तुमचा विषय. त्यांचा विषय रेडिओ, पिन मारून पेटवायचा स्टोव्ह, एसटीचा प्रवास. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे आण्यांचा हिशेब त्यांनी शाळेत केलेला असतो.

नुसतंच बोलत बसणं
शब्द हरवले तरी हातांना बरंच काही येत असतं. पानाचा डबा समोर ठेवून पाहा. एरवी गप्प बसणारे आजोबा पान उचलतात, धोतराला पुसतात, देठ खुडतात, नखाने शिरा काढतात, आणि मग सुपारीवरून कोणाला तरी शिवी हासडतात. झाली की गप्पांना सुरुवात! अडकित्ता मात्र हाताशी ठेवू नका, सुपारी कातरलेली आणा. चुन्याची डबी रिकामी असू द्या, आणि गिळायला त्रास असेल तर पान फक्त लावू द्यावं, खायला नको. मटार सोलणं, वाती वळणं, गजरा गुंफणं यांचंही असंच. एका वेळी एकच वस्तू काढा. टेबलावर पसारा मांडला की गोंधळ उडतो.

वेळही बघा. संध्याकाळी अनेकांची घालमेल वाढते, म्हणून सकाळी चहा-आंघोळ उरकल्यावर बसा. चष्मा, कानातलं यंत्र लावलंय ना? टीव्ही बंद आहे ना?

रडू आलं की घाईने विषय बदलणं
१९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की कोणी तेव्हा रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या भाकरीला हसत नावं ठेवतं, कोणी दुष्काळी कामावर खडी फोडल्याचं आठवून रडतं. पुण्यात १९६१ साली पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचंही तसंच. "जाऊ दे, रडू नको" म्हणण्यापेक्षा हात धरून "फार हाल झाले ना तेव्हा" म्हणा, थोडं थांबा, मग चहा द्या. माहेरचा विषय काढल्यावर "मला घरी जायचंय" सुरू झालं, तर "अगं, हेच घर" असा वाद घालू नका. "घरी कोण कोण असतं?" असं विचारा.

यातून स्मरणशक्ती परत येईल ही आशा सोडा. कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. आठवणींच्या अशा गप्पांवरच्या तिच्या २०१८ च्या आढाव्यात २२ अभ्यास आणि १,९७२ रुग्ण होते. फायदा दिसला तो थोडा, आणि सगळीकडे सारखा नाही. त्यामुळे कालच्या गप्पा आज आठवतात का, हे तपासत बसू नका. त्यापेक्षा कशाने खुलले आणि कशाने बिथरले, हे वहीत टिपून ठेवा आणि ती वही ब्युरोकडून रुग्णाला सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही दाखवा. दिवसभर सोबत त्याच असतात.