ज्येष्ठांसाठी निवास शोधताना एजंटची मदत कशी घ्यावी

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आता एकटं ठेवता येणार नाही, हे बहुतेक घरांत एखाद्या पडण्यानंतर कळतं. डिस्चार्जची तारीख तोंडावर आलेली असते, डॉक्टर सांगतात की घरी कोणीतरी चोवीस तास हवं, आणि तसं कोणी नसतं. अशा वेळी ज्येष्ठ निवास शोधून देणारा एजंट मोठा आधार वाटतो. त्याला जागा माहीत असतात, तो फोन करतो, भेटी ठरवतो. शिवाय तुमच्याकडून पैसेही मागत नाही. सुरुवात इथूनच करा.

१. पैसे कोण देतं, ते पहिल्याच फोनवर विचारा

बहुतेक एजंटांना कमिशन ज्येष्ठ निवास चालवणारी संस्था देते. तुमचं माणूस तिथे राहायला गेलं, की पहिल्या महिन्याच्या भाड्याच्या हिशोबाने ती रक्कम एजंटला मिळते. यात गैर काही नाही, पण परिणाम समजून घ्या. ज्या संस्थांशी त्याचा करार नाही, त्या सहसा त्याच्या यादीत येतच नाहीत. धर्मादाय संस्था, सरकारी सोयी, पाच-सहा जणांना सांभाळणारी छोटी घरं अशी गळतात. भाडं जास्त तिथे कमिशनही जास्त, हेही डोक्यात राहू द्या.

म्हणून थेट विचारा: या भागातल्या किती संस्थांशी तुमचा करार आहे? तुम्ही सुचवताय ती जागा स्वतः शेवटची कधी पाहिली? करार नसलेली, पण आम्हाला योग्य ठरेल अशी एखादी जागा सांगाल का? चांगला एजंट तिसऱ्या प्रश्नालाही उत्तर देतो. काही सल्लागार कुटुंबाकडून फी घेतात आणि संस्थेकडून काहीच घेत नाहीत. परवडत असेल तर तोही मार्ग पाहावा.

२. गरजांचा कागद आधी घरी लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा क्रियांची एक मोजपट्टी मांडली. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं या त्या क्रिया. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचा व्यवहार या आठ कामांची जोड दिली. एकेक ओळ घ्या आणि आपल्या माणसाला नेमकी कुठे मदत लागते ते लिहा.

आईसाठी शोधताना मी एजंटला सांगितलं होतं, ‘ती बरीचशी स्वावलंबी आहे.’ त्याने स्वतंत्र फ्लॅट दाखवले. ते तिच्या कामाचे नव्हते. मग कागदावर लिहिलं: ‘रात्री दोनदा उठते. एकदा तरी बाथरूमचा रस्ता चुकते.’ यादी पार बदलली. आपल्या आईबद्दल असं लिहिताना हात थबकतो, तरी लिहा. नुसत्या सोबतीची जागा, रोजच्या कामांत मदत मिळणारी जागा, विस्मरणाच्या रुग्णांसाठीचा विभाग आणि परिचारिका असलेलं नर्सिंग होम या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती हवी, ते या कागदावर ठरतं.

आणि ज्यांना राहायचं आहे त्यांना विचारा, की काय सोडायला जीव तयार नाही. सकाळचं एकट्याने फिरणं असेल, खोलीला आतून कडी असेल. तेही कागदावर येऊ द्या.

३. फोन नंबर देण्याआधी

माहितीचा फॉर्म भरला, की ती एकाच वेळी बऱ्याच संस्थांकडे जाऊ शकते आणि फोन थांबत नाहीत. आजारपणाची माहिती कोणाकोणाला द्यायची, ते आधी लेखी ठरवून घ्या. ‘फक्त आमच्यामार्फतच’ अशी अट असलेल्या कागदावर सही करू नका. स्वतः आधी पाहून आलेल्या जागांची नावं एजंटला सांगा, नाहीतर कमिशनच्या वादात तुमचा प्रवेश अडकेल.

४. एजंटच्या यादीत स्वतः शोधलेल्या दोन जागा घाला

जिथे अशा संस्थांना परवाना लागतो, तिथे तपासणीचे अहवाल सहसा मागून वाचता येतात. तेच दोष पुन्हा पुन्हा दिसतात का, ते पाहा.

५. भेट द्या, आणि एकदा न कळवता संध्याकाळी जा

विस्मरणाच्या आजारात अस्वस्थता अनेकदा दिवस मावळताना वाढते, आणि नेमके तेव्हाच कर्मचारी कमी असू शकतात. रात्री किती जणांमागे एक माणूस असतो, ते विचारा. बाथरूममध्ये मदतीच्या घंटीची दोरी पाहा. एका चकचकीत जागी ती दोरी धरायच्या दांड्याला गुंडाळून वर बांधलेली होती. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथे कसा पोचणार? दोरी जमिनीपर्यंत लोंबायला हवी. परवानगी घेऊन ती ओढा आणि कोणी यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात पाहा.

शक्य असेल तर काही दिवसांचा तात्पुरता मुक्काम मागा.

६. करार घरी आणून वाचा

‘शेवटची खोली उरली आहे’ असं कोणीही म्हणालं, तरी तिथेच सही नको. भाड्यात काय येतं आणि कशाचे पैसे वेगळे, दर कधी वाढतात, अनामत परत मिळते का, हॉस्पिटलमध्ये असताना खोलीचं भाडं चालू राहतं का, कोणत्या कारणाने जागा सोडायला सांगू शकतात, हे वाचा. प्रवेशानंतर गरजांची पुन्हा तपासणी होऊन बिल वाढू शकतं. तेही आधीच विचारा.

एक शेवटची गोष्ट एजंटकडून समजून घ्या. एजंट आणि संस्था यांच्यातल्या काही करारांत माणूस ठरावीक दिवसांच्या आत निघून गेलं, तर एजंटला कमिशन परत द्यावं लागतं. तशी अट असेल तर ती मुदत किती, ते विचारून ठेवा. त्या दिवसांत काही खटकलं, तर संस्थेबरोबर एजंटलाही त्याच दिवशी कळवा.