अहरोनाची वस्त्रे शिकवताना या चुका टाळा

निवासमंडपाचा, म्हणजे इस्राएली लोकांच्या तंबूरूपी मंदिराचा, विषय निघाला की संडे स्कूलच्या भिंतीवर एक तक्ता हमखास लागतो: निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त, पांढरा म्हणजे शुद्धता. मुले तो पाठ करतात, मोठी माणसे वहीत उतरवून घेतात, आणि याजकाच्या वस्त्रांचे वर्णन करणारे, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे २८ व ३९ हे अध्याय मात्र वाचायचे राहून जातात. ते वाचले तर लक्षात येईल की त्यांत एकाही रंगाचा अर्थ सांगितलेला नाही. रंग सांगितलेत, सूत सांगितलेय, माप सांगितलेय. रंगांचा अर्थ नंतरच्या वाचकांनी लावला.

म्हणजे या वस्त्रांना अर्थ नाही असे मुळीच नाही. उलट, जिथे अर्थ आहे तिथे पवित्र शास्त्र तो स्वच्छ शब्दांत सांगते. खांद्यांवरच्या दोन रत्नांवर इस्राएलच्या वंशांची सहा-सहा नावे कोरायची, ती मुख्य याजक अहरोनाने परमेश्वरासमोर स्मरणार्थ वाहावीत म्हणून (२८:१२). छातीवरच्या ऊरपटावर बारा नावे, ती त्याच्या हृदयावर असावीत म्हणून (२८:२९). मंदिलावरच्या सोन्याच्या पट्टीवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशी अक्षरे, लोकांनी वाहिलेल्या पवित्र वस्तूंतला दोष त्याने आपल्यावर घ्यावा म्हणून (२८:३८). शिकवायला इथून सुरुवात करावी. मुख्य याजक आत जातो तेव्हा तो एकटा जात नाही, सगळ्या लोकांची नावे अंगावर घेऊन जातो, हा या वस्त्रांचा गाभा आहे. रंगांच्या तक्त्यात नेमका तोच हरवतो.

प्रत्येक याजकाला ऊरपट चढवू नका

नाटकात आणि चित्रांत सरसकट होणारी ही चूक. साध्या याजकाला चारच वस्त्रे: अंगरखा, चोळणा, कमरबंद आणि डोक्याला फेटा. एफोद (झग्यावर घालायचे खांदेपट्ट्यांचे वस्त्र), ऊरपट, निळा झगा आणि सोन्याची पट्टी ही मुख्य याजकाची. त्याची एकूण आठ वस्त्रे धरतात. जोडे दोघांच्याही यादीत नाहीत, आणि याजक अनवाणी सेवा करत असे यहुदी परंपरा सांगते. नाटकात मुलांना सॅंडल घालू नयेत.

ऊरपट म्हणजे चिलखत नव्हे

पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून छातीवर ढालीसारखा बांधलेला ऊरपट आपण सगळ्यांनी पाहिलाय. इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायातले उरस्त्राण आणि हा ऊरपट यांची मनात सरमिसळ झालेली असते. ते सैनिकाचे, हा याजकाचा. ऊरपट कापडाचा होता, एफोदासारखाच सोन्याची तार, निळे, जांभळे, किरमिजी सूत आणि तलम सण (म्हणजे लिनन) यांनी विणलेला. तो दुहेरी दुमडलेला, एक वीत लांब आणि एक वीत रुंद, म्हणजे हाताच्या पंजाएवढी चौकोनी पिशवी. वरच्या कड्यांतून पीळ घातलेल्या सोन्याच्या साखळ्या खांद्यांकडे जात, खालची कडी निळ्या फितीने एफोदाच्या कड्यांना बांधलेली, कारण ऊरपट एफोदावरून सरकू नये अशी स्पष्ट सूचना आहे (२८:२८). त्यातच उरीम व थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल घ्यायची साधने, ठेवायची. वर्गात दाखवायचा असेल तर कापडाची पिशवी शिवा. पुठ्ठ्यापेक्षा ती सोपी आणि जास्त खरी.

रत्नांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. चार ओळींत तीन-तीन रत्ने होती हे नक्की, पण हिब्रूतली कित्येक नावे नेमक्या कोणत्या खड्याची यावर आजही एकमत नाही. भाषांतरांत ‘हिरा’ येतो, पण त्या काळात हिऱ्यावर अक्षर कोरणे शक्य नव्हते. ‘नीलमणी’ असे जिथे वाचतो तिथे बहुतेक अफगाणिस्तानातून येणारा निळा लाजवर्द असावा. शिवाय कोणत्या वंशाला कोणते रत्न, हे शास्त्र सांगतच नाही. खांद्यांवरची नावे जन्मक्रमाने कोरायची एवढे सांगितलेय (२८:१०). ऊरपटाचा क्रम दिलेला नाही. त्यामुळे ‘यहूदाचे माणिक, म्हणून त्याचा स्वभाव असा’ या वळणाचे पाठ वाळूवर उभे असतात. रत्नांवरची अक्षरे उजळून उत्तर मिळायचे, हे वर्णनही बायबलमधले नाही, ते पुढच्या यहुदी परंपरेतले आहे. उरीम-थुम्मीमने कौल मिळे हे गणना २७:२१ वरून कळते, आणि कधी उत्तर मिळतही नसे हे शौल राजाच्या बाबतीत दिसते (१ शमुवेल २८:६). कसा मिळे, ते लिहिलेले नाही.

पायाला दोर बांधल्याची गोष्ट

उपदेशांत सर्वांत जास्त ऐकू येणारी ही गोष्ट. मुख्य याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे सर्वांत आतल्या दालनात, जाताना त्याच्या पायाला दोर बांधत, झग्याच्या घंटांचा आवाज थांबला की तो मेला असे समजून ओढून बाहेर काढत. गोष्ट अंगावर काटा आणते, म्हणून टिकून आहे. पण ती निर्गमात नाही, लेवीयात नाही, पहिल्या शतकात मंदिर स्वतः पाहिलेल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराकडे नाही. पायाला काही बांधल्याचा उल्लेख येतो तो झोहर या यहुदी गूढग्रंथात, आणि तो ग्रंथ १३व्या शतकात स्पेनमध्ये पुढे आला. मंदिर पडले इ.स. ७० मध्ये.

आणखी एक अडचण आहे, आणि ती जास्त महत्त्वाची. परमपवित्रस्थानात जायचा दिवस वर्षातून एकच, प्रायश्चित्ताचा. त्या दिवशी आत जाताना मुख्य याजक घंटांचा निळा झगा घालतच नव्हता. लेवीय १६:४ मध्ये त्याची वस्त्रे सांगितलीत: सणाचा अंगरखा, सणाचा चोळणा, सणाचा कमरबंद, सणाचा मंदील. सोने नाही, रंगीत सूत नाही, रत्ने नाहीत. या अध्यायातला हा भाग मला सर्वांत खोल वाटतो, आणि दोराच्या गोष्टीमागे तो झाकला जातो. वर्षभर वैभवाची वस्त्रे घालणारा माणूस देवाच्या सर्वांत जवळ जायच्या क्षणी ती सगळी उतरवून ठेवतो. शिकवायचे असेल तर हे शिकवा.

घंटांविषयी शास्त्र एवढेच म्हणते की पवित्रस्थानात जाताना-येताना त्यांचा आवाज ऐकू यावा, म्हणजे तो मरणार नाही (निर्गम २८:३५). किती घंटा होत्या ते तिथे नाही. ७२ किंवा ३६ हे आकडे तालमूद या नंतरच्या यहुदी ग्रंथातले आहेत. डाळिंबे मात्र सोन्याची काढू नका. ती निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची होती. झग्याच्या घेराला एक सुताचे डाळिंब, एक सोन्याची घंटा, पुन्हा डाळिंब, पुन्हा घंटा. लोकरीचे गोंडे करून लावले की मुलांना हे एका नजरेत कळते. यहुदी धर्मग्रंथाच्या, म्हणजे तोराच्या, गुंडाळीच्या दांड्यांवर घुंगरू असलेली जी शोभेची टोके बसवतात, त्यांना आजही ‘रिमोनीम’ म्हणजे डाळिंबे म्हणतात.

मिश्र कापडाकडे दुर्लक्ष

सामान्य इस्राएलीला लोकर आणि सण एकत्र विणलेले कापड घालायची मनाई होती (अनुवाद २२:११). मुख्य याजकाच्या एफोदात मात्र तलम सण आहे आणि रंगीत सूतही, आणि ते रंगीत सूत लोकरीचे होते असे यहुदी परंपरा मानते. सणाला रंग नीट चढत नाही, म्हणून ते पटतेही. जे इतरांना वर्ज्य, ते इथे आज्ञेने. कारण शोधायला मंडपाचे पडदे पाहावेत: निळे, जांभळे, किरमिजी सूत आणि तलम सण, हेच साहित्य (निर्गम २६:१). याजकाची वस्त्रे आणि देवाचे निवासस्थान एकाच जिनसांनी बनलेले आहेत. म्हणजे हे मिश्रण अशुद्ध म्हणून नाही, पवित्र जागेसाठी राखून ठेवलेले म्हणून बाहेर बंद, असे मला वाटते. आणि तरी गणना १५:३८ मध्ये प्रत्येक इस्राएलीला वस्त्राच्या कोपऱ्यावरच्या गोंड्यात एक निळा दोरा घालायला सांगितलेय. त्या निळ्यातला एक धागा सर्वांच्या वाट्याला येतो. हे सहसा कोणी शिकवत नाही, आणि ते राहून जाऊ नये.

नंतरचे अर्थ मूळचे म्हणून सांगणे

जोसेफसने या वस्त्रांत विश्व पाहिले: सण म्हणजे पृथ्वी, निळा म्हणजे आकाश, डाळिंबे म्हणजे वीज, घंटा म्हणजे मेघगर्जना. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलोही याच वाटेने जातो. तालमूदात प्रत्येक वस्त्र एकेका पापाचे प्रायश्चित्त करते. झगा निंदेचे, कारण आवाज करणाऱ्या वस्तूने आवाजाच्या पापाची भरपाई व्हावी. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्त हा महायाजक. हे सगळे अर्थ मोलाचे आहेत, फक्त कोणाचे कोणत्या काळातले ते सांगून शिकवावेत.

येशूच्या चौकशीत मुख्य याजक कयफाने वस्त्रे फाडली (मत्तय २६:६५) तेव्हा ‘देवाने न फाडायला सांगितलेला झगा’ फाटला, असे काही उपदेशक जोडतात. अहरोनाची ती वस्त्रे मंदिरातल्या सेवेची होती, घरच्या चौकशीत घालायची नव्हेत. त्या काळात तर ती रोमी लोकांच्या ताब्यात, अंतोनिया किल्ल्यात असत आणि उत्सवापुरती बाहेर दिली जात. वितेल्लियस या सिरियाच्या अधिपतीने ती इ.स. ३६च्या सुमारास याजकांच्या हाती परत दिली.

गोवा-वसईच्या चर्चमधला धर्मगुरूंचा पोशाखही अहरोनाच्या वस्त्रांतून थेट आला असे सांगू नये. आतला लांब पांढरा झगा आणि मिस्सेच्या वेळचा वरचा पायघोळ झगा हे दोन्ही रोमी साम्राज्यातल्या रोजच्या कपड्यांतून घडले. आणि २०११ मध्ये जेरुसलेमच्या एका प्राचीन गटारात सापडलेल्या सोन्याच्या चिमुकल्या घंटेचा फोटो ‘हीच महायाजकाची’ म्हणून पुढे पाठवू नका. ती दुसऱ्या मंदिराच्या काळातली आहे आणि कोणाच्या तरी वस्त्राला लावलेली असावी. ते वस्त्र कोणाचे, हे ठरलेले नाही.